डब्यातलं पामतेल आणि बाळाची घट्ट शी

प्रश्न : दूध पुरत नाही म्हणून डॉक्टरांनी माझ्या तीन महिन्यांच्या बाळाला डब्याचं दूध सुरू केलं. तेव्हापासून शी घट्ट होते. डब्यावर ‘पाम ओलीन’ लिहिलंय. त्याने मेंदूच्या वाढीवर परिणाम होईल का?

उत्तर : ताई, आधी मनातली अपराधी भावना काढून टाका. बाळाचं वजन नीट वाढतंय ना, हे पाहा. वाढत असेल तर मेंदूची काळजी नको.

पाम ओलीन म्हणजे पामतेलाचाच भाग. त्यातलं पाल्मिटिक आम्ल आईच्या दुधातही असतं, स्निग्धाम्लांच्या जवळपास पाव भाग. फरक जागेचा आहे. चरबीच्या रेणूत तीन आम्लं ओळीने बसतात. आईच्या दुधात पाल्मिटिक बहुतेक करून मधे असतं, पामतेलात कडेला. पाचकरस कडेची आम्लं तोडतो. सुटं झालेलं पाल्मिटिक कॅल्शियमला धरतं आणि न विरघळणारा साबण तयार होतो. शी घट्ट होण्यामागे बऱ्याचदा तोच असतो. थोडी चरबी, थोडं कॅल्शियम वाया जातं, इतकंच.

मेंदूला डीएचए हे स्निग्धाम्ल लागतं हे खरं. युरोपात 2020 पासून ते अशा दुधात सक्तीचं आहे. पण पूर्ण दिवसांच्या बाळांमध्ये त्याने बुद्धी वाढल्याचं अभ्यासांत सातत्याने दिसलेलं नाही. म्हणून केवळ ‘मेंदूसाठी’ महागडा डबा घेऊ नका.

पावडरचा चमचा सपाट करून घेता ना? शिगोशीग चमच्यानेही शी घट्ट होते. अंगावरचं येईल तेवढं दूध पाजत राहा. शीमध्ये रक्त दिसलं किंवा पोट फुगलं तर लगेच डॉक्टरांना दाखवा.