पंख पाडून बसलेली कोंबडी

सकाळी तू खुराड्याचं दार उघडलंस. चौघी धडपडत बाहेर आल्या, दाण्यांवर तुटून पडल्या. पाचवी मात्र आतच कोपऱ्यात पंख पाडून, मान आत ओढून, फुगून बसून राहिली. तू ‘ये ये’ केलंस, तिने एक डोळा उघडला आणि परत मिटला. तुझ्या पोटात गोळा आला. घरातलं कुणीतरी म्हणालं, “कोंबडीच तर आहे!” आणि तुला जास्तच रडू आलं. हो ना गं? ये, बस जरा. तुला काही येत नाही असं मनात आणू नकोस. घरातली तापाची, पोटदुखीची माणसं तूच सांभाळतेस ना? मग हीसुद्धा सांभाळशील. फक्त कुठे बघायचं ते तुला कुणी दाखवलेलं नाही.

खरं सांगू का, तुझी भीती खोटी नाही. कोंबडी दुखणं लपवते. कळपात जी दुबळी दिसते तिला बाकीच्या टोचतात, मुंगूस-घार तिलाच आधी हेरते. म्हणून अंगात त्राण आहे तोवर ती सगळ्यांबरोबर दाणे टिपत असल्यासारखं करते. ती तुला उघड आजारी दिसली, तेव्हा दुखणं बहुतेक दोन-तीन दिवसांचं जुनं असतं. ‘उद्या बघू’ हे तिच्या बाबतीत चालत नाही.

पण म्हणून औषधाच्या मागे धावायचं नाही. आधी तिला वेगळी कर. डालगं असेल तर डालगं, नाहीतर मोठं खोकं. खाली भाताचं तूस, वर जाळी, वारा लागणार नाही असा कोपरा. पावसाळ्यात किंवा थंडीत एका बाजूला बल्ब लाव, दुसरी बाजू गार राहू दे, म्हणजे नकोसं झालं की ती स्वतः सरकेल. मग पाणी. उपाशी कोंबडी दिवस काढते, तहानलेली नाही काढत. ओआरएस घालून पाणी दे. मात्र बघ, चोच उघडून घशात पाणी ओतायचं नाही. ते श्वासनळीत जातं. बोटाने चोचीच्या कडेला एकेक थेंब लाव, ती आपोआप गिळते. आणि कामाचा क्रम ठरवून टाक: आधी धडधाकट कोंबड्यांचं दाणापाणी, सगळ्यात शेवटी आजारी बाईसाहेब, मग हात साबणाने स्वच्छ.

आता तिला मांडीवर घे आणि नीट बघ. तुरा लालभडक आहे की फिकट, की निळसर? नाकाडोळ्यांतून पाणी येतंय? कान लावून ऐक, श्वासाला घरघर आहे? शेपटीखालची पिसं शिटेने चिकटली आहेत? गळ्याखाली, छातीच्या किंचित उजव्या अंगाला हात लाव. तिथे दाण्याची पिशवी असते. रात्री ती भरलेली आणि सकाळी रिकामी, असं असायला हवं. छातीचं हाड हाताला सुरीसारखं लागत असेल तर ती बऱ्याच दिवसांपासून खंगते आहे. हे सगळं वहीत लिहून ठेव. डॉक्टरांना फोनवर ‘ती कशीतरीच करतेय’ यापेक्षा ‘तुरा फिकट, शीट हिरवी, कालपासून दाणा नाही’ हे सांगितलंस, तर त्यांना निम्मं काम झाल्यासारखं वाटतं.

मी पहिल्या वर्षी हे काहीच बघितलं नव्हतं. माझी कवडी कोंबडी अशीच बसली होती. अंगाला हात लावला तर चांगलंच गरम. मला वाटलं ताप आहे, मी तिला ओल्या फडक्यात गुंडाळलं. कोंबडीचं अंग मुळातच साधारण १०६ अंश फॅरनहाइट असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आपल्या हाताला ती कायमच तापलेली लागणार. बिचारीला गारठा मात्र भरला. म्हणून तुला आत्ताच सांगते, निरोगी कोंबडीला रोज हात लाव. तिचं नेहमीचं माहीत असेल तर बिघडलेलं कळेल.

आणि काही गोष्टी आजार नसतातच. कोंबडी खुडूक बसली की ती पिसं फुलवून दिवसभर खोप्यात बसते, हात नेला की गुरगुरते, खाते नावाला आणि दिवसातून एकदाच मोठी घाणेरडी शीट टाकते. नवख्या बाईला वाटतं संपलं सगळं. पण तिचा तुरा बघ, डोळे बघ, टवटवीत असतात. साधारण २१ दिवस ती अंडी उबवायच्या नादात असते. तसंच, वर्ष-दीड वर्षाची झाली की पिसं झडतात, अंडी थांबतात, दोन-तीन महिने ती अगदी दरिद्री दिसते. तेही स्वाभाविक आहे. दाण्यात प्रथिनं वाढव आणि वाट बघ. आणि अधूनमधून तपकिरी, चिकट, वास मारणारी शीट दिसली तर तिला हगवण समजू नकोस. आतड्याच्या कोपऱ्यातली ती शीट प्रत्येक निरोगी कोंबडी टाकते.

आता खऱ्या आजारांकडे ये. पिल्लं आणली असशील तर तीन ते सहा आठवड्यांच्या वयात रक्ती हगवणीवर डोळा ठेव. पिल्लं पेंगतात, पंख पाडतात आणि शिटेत रक्त दिसतं. या हगवणीचे जंतू ओल्या तुसात वाढतात. मूठभर तूस हातात दाबून बघ. त्याचा लाडू झाला तर ते बदलायचा दिवस आला. हातातून भुरभुरलं तर ठीक. यावर अँप्रोलियम नावाचं औषध पाण्यातून देतात आणि वेळेत दिलं तर पिल्लं भराभर उठतात. किती द्यायचं ते डॉक्टरांकडून घे. एक लक्षात ठेव, ते चालू असताना ताकदीसाठी म्हणून बी-१ जीवनसत्त्वाचं टॉनिक देऊ नकोस, औषधाचा परिणाम कमी होतो.

सगळ्यात धसका घ्यावा असा आजार म्हणजे मानमोडी, म्हणजेच राणीखेत. शंभरएक वर्षांपूर्वी आपल्या देशात तो उत्तराखंडातल्या राणीखेतला ओळखला गेला, म्हणून ते नाव. हिरवट-पांढरी हगवण, तोंड उघडून श्वास, पाय किंवा पंख लुळा, मान पिळवटून मागे, आणि बघता बघता मर लागते. हा विषाणू आहे गं, त्यावर औषध नाही. मला हे फार महाग पडलं. भर पावसाळ्यात आठवडी बाजारातून एक सुरेख तलंग आणली आणि संध्याकाळी तशीच बाकीच्यांत सोडली. आठ दिवसांत माझ्या तीन कोंबड्या गेल्या. तेव्हापासून नियम केला: नवी कोंबडी कितीही गुणाची दिसो, दोन-तीन आठवडे वेगळी, तिचं भांडंसुद्धा वेगळं.

मानमोडीला लस हाच उपाय आणि ती स्वस्त आहे. बाकीच्या आजारांच्या लसींसह साधारण पहिल्या आठवड्यात लासोटा ही मानमोडीची लस, दोन आठवड्यांच्या सुमारास गंबोरो या आजाराची, चौथ्या आठवड्याच्या आसपास पुन्हा लासोटा, सहा-सात आठवड्यांना देवीची, आठव्या आठवड्यानंतर मानमोडीची मोठी लस, असा क्रम असतो. तुझ्या भागातला नेमका क्रम पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून भिंतीवर लाव. अडचण एवढीच की बाटलीत शंभर-शंभर मात्रा असतात आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. मग तू काय करायचंस? शेजारच्या चार घरांना गोळा करायचं, बर्फ घालून थर्मासमधून बाटली आणायची आणि सगळ्यांच्या कोंबड्यांना एकाच सकाळी लस द्यायची. लासोटा असेल तर एकीने कोंबडी धरायची, दुसरीने डोळ्यात एक थेंब सोडायचा आणि तिने पापणी मिटेपर्यंत सोडायची नाही. थेंब आत गेला की झालं. अगं, एका घराची कोंबडी आजारी पडली की वाडीची पडते. लसही सगळ्या वाडीने मिळूनच द्यायला हवी. मात्र लस फक्त धडधाकट कोंबडीला, आजारी कोंबडीला नाही.

पावसाळ्यानंतर तुऱ्यावर, पापण्यांवर काळसर खपल्या दिसल्या तर त्या देवी. डासांमुळे पसरतात. खपली नखाने काढायची नाही, कितीही हात शिवशिवला तरी. तीन-चार आठवड्यांत बहुतेक कोंबड्या आपणहून बऱ्या होतात. डोळा चिकटला असेल तर उकळून गार केलेल्या पाण्याने पुसत राहा, कारण दिसलं नाही तर ती दाणा टिपणार कशी? तोंडात पिवळट पापुद्रा दिसला तर मात्र डॉक्टर.

रात्री सगळ्या दांडीवर बसल्या की एकदा खुराड्यापाशी उभी राहा. दिवसाच्या कलकलाटात न ऐकू येणारी घरघर, शिंका तेव्हा ऐकू येतात. सर्दी-दमा कोंदट हवेत बळावतो. आत डोळे चुरचुरले तर समज, त्यांचेही चुरचुरतात. वरून हवा खेळती ठेव, खाली ओल नको. घरघर दोन दिवसांत थांबली नाही तर डॉक्टरांना दाखव. तिथेच टॉर्च मारून दांडीच्या फटीही बघ. रात्री रक्त पिणारे बारीक तांबडे किडे दिवसा तिथे लपतात. पांढरं फडकं दांडीखालून फिरवलं आणि तांबडे डाग पडले तर ते आहेतच. तुरा फिका पडतो आणि बाई दिवसेंदिवस सुकते, तरी कारण सापडत नाही, ते हे. फटी खरवडून चुन्याचा हात मार. उवांसाठी घमेल्यात चाळलेली राख आणि कोरडी माती ठेव, त्या स्वतःच लोळून न्हातात.

अंडं अडकलं तर कोंबडी पेंग्विनसारखी उभी राहते, शेपूट वरखाली करते, कुंथते. टबात सोसवेल इतकं कोमट पाणी घे, तिला पोटापर्यंत पंधरा-वीस मिनिटं बसव, मागच्या बाजूला खोबरेल लाव आणि अंधाऱ्या उबदार खोक्यात ठेव. अंडं फोडायचा किंवा बोटाने ओढायचा विचार मनातही आणू नकोस. काही तासांत सुटली नाही तर दवाखाना. पुढे दाण्याजवळ शिंपल्यांचा चुरा नेहमी ठेव. आणि सकाळी दाण्याची पिशवी भरलेलीच, मऊ लिबलिबीत, तोंडाला आंबट वास असं असेल तर कोंबडी उलटी धरून ओकायला लावतात, तसं करू नकोस. पाणी घशात अडकून ती तुझ्या हातात जाईल. दाणा बंद, थोडं थोडं पाणी आणि डॉक्टर.

दोन गोष्टींवर मी रागावूनच सांगणार आहे. घरातल्या डब्यातली उरलेली माणसांची अँटिबायोटिक गोळी कोंबडीला द्यायची नाही. विषाणूवर ती चालत नाही, आणि औषध अंड्यातून तुझ्या मुलांच्या ताटात येतं. औषध चालू असताना आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस नंतरही ती अंडी खायची नाहीत. दुसरं, एकाएकी दोन-चार कोंबड्या मेल्या, तुरे निळे पडले, डोकं सुजलं तर हात लावू नकोस, कुणाला देऊ नकोस, ओढ्यात टाकू नकोस. देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो आपल्या नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला, २००६ साली. अशा वेळी लपवलं तर सगळ्या गावाचं नुकसान होतं. जवळच्या दवाखान्यात कळव, १९६२ या टोल फ्री नंबरवर फोन कर.

आणि बघ, सगळं करूनही एखादी जाईल. माझ्याही गेल्यात. त्या दिवशी खुशाल रड, कुणाला स्पष्टीकरण देऊ नकोस. खोल खड्डा, वर चुना, वर माती. मग उरलेल्यांचं पाणी बदल, कारण त्या तुझीच वाट बघत असतात.

आता एवढंच कर माझ्यासाठी. उद्या सकाळी दाणे टाकायच्या आधी पाच मिनिटं नुसती उभी राहा आणि मोज. कोण आधी आली, कोण मागे राहिली, कुणाची शीट कशी. ही पाच मिनिटं तू रोज दिलीस ना, तर पंख पाडून बसलेली कोंबडी तुला तिसऱ्या दिवशी नाही, पहिल्याच दिवशी दिसेल. आणि पहिल्या दिवशी दिसलेली कोंबडी बहुतेक वेळा वाचते गं.