वरचे दूध पाजताना



वरचे दूध बाळाला मानवते की बाधते, हे डब्यावरच्या नावापेक्षा घरातले पाणी, माप आणि बाटलीची स्वच्छता यांवर जास्त ठरते. पहिले सहा महिने आईचे दूधच सर्वांत चांगले, याबद्दल बालरोगतज्ज्ञांत दुमत नाही. तरीही आईचे एखादे कडक औषध चालू असते, बाळ दत्तक असते, किंवा सगळे उपाय करूनही दूध पुरत नाही, तेव्हा वरचे दूध द्यावे लागते. अशा आईने स्वतःला दोष देण्याचे काहीच कारण नाही. मात्र नुसत्या रडण्यावरून दूध अपुरे ठरवू नये. पाचव्या दिवसानंतर बाळ दिवसातून सहा किंवा अधिक वेळा लघवी करत असेल आणि दोन आठवड्यांत जन्मवजनावर परत आले असेल, तर दूध पुरते आहे. शंका असल्यास दुकानात जाण्याआधी डॉक्टरांना विचारावे. चंडीगडमध्ये राहणाऱ्यांना सेक्टर १२ मधल्या पीजीआयसारखे मोठे रुग्णालय हाताशी आहे.

डबा निवडण्याचा सल्लाही डॉक्टरांचाच घ्यावा. १९९२ च्या कायद्याने भारतात बाळाच्या पावडरीची आणि दुधाच्या बाटल्यांची जाहिरात करणे, आईला फुकट नमुने देणे, डब्यावर बाळाचे चित्र छापणे यांवर बंदी आहे. २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. तेव्हा कोणी फुकट डबा पुढे केला, तर तो घेऊ नये. सहा महिन्यांपर्यंत पहिल्या टप्प्याचीच पावडर द्यावी.

सर्वांत जास्त काळजी पाण्याची. चंडीगडच्या नळाला मुख्यतः भाक्रा कालव्याचे, कजौलीहून आणून शुद्ध केलेले पाणी येते. तरी बाळासाठी ते खळखळून उकळलेच पाहिजे. आरओचे किंवा बाटलीबंद पाणीही उकळावे, कारण तेही निर्जंतुक नसते. पावडरसुद्धा निर्जंतुक नसते. क्रोनोबॅक्टर नावाचा जंतू कोरड्या पावडरीत टिकून राहतो आणि तान्ह्या बाळाच्या मेंदूपर्यंत संसर्ग नेऊ शकतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितले, की पावडर किमान ७० अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात कालवावी. कित्येक डब्यांवर कोमट पाणी लिहिलेले असते, पण बाळ दोन महिन्यांच्या आतले किंवा अपुऱ्या दिवसांचे असेल, तर डॉक्टरांशी बोलून ७० अंशांचाच नियम धरावा. लिटरभर पाणी उकळल्यावर अर्ध्या तासाच्या आत वापरले, की ते पुरेसे गरम असते. थोडे पाणी लवकर निवते. दूध कालवल्यावर बाटली गार पाण्यात धरून निववावी आणि थेंब मनगटावर टाकून पाहावा. शिमल्याच्या उंचीवर पाणी शंभर अंशांच्या आधीच उकळते, पण तेही नव्वदच्या वरच असते. तिथे जाताना गरम पाणी थर्मासमध्ये आणि पावडर वेगळ्या डबीत न्यावी, कालवलेले दूध नेऊ नये.

माप साधे, पण त्यातच चुका होतात. बहुतेक डब्यांवर ३० मिली पाण्याला एक सपाट चमचा असतो. चमचा त्याच डब्यातला हवा आणि पाणी आधी मोजून मग पावडर घालावी. डबा महिनाअखेर पुरावा म्हणून दूध पातळ करणे हा घातक मोह आहे. पातळ दुधाने बाळाचे वजन खुंटते आणि रक्तातले सोडियम उतरून झटकेही येऊ शकतात. दाट दुधाचा ताण मूत्रपिंडावर येतो. पहिल्या आठवड्यानंतर साधारणपणे किलोमागे दिवसाला १५० मिली, म्हणजे चार किलोच्या बाळाला दिवसभरात ६०० मिली, असा अंदाज धरतात. तरी दर वेळी पोट भरले की नाही, हे बाळच ठरवते. उरलेले संपवण्याचा आग्रह नको.

चंडीगडच्या मे-जूनमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि शेजारच्या बायका बाळाला पाणी पाजायला सांगतात. सहा महिन्यांच्या आत वेगळे पाणी देऊ नये. तहान भागवायला दूध पुरते. कालवलेले दूध बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, उन्हाळ्यात तर लगेच पाजावे आणि उष्टे ओतून द्यावे.

बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा जुने बोंडले स्वच्छ ठेवणे सोपे, आणि तान्ह्याला तेही चालते. बाटलीच वापरायची, तर बूच आणि झाकण सुटे करून ब्रशने घासावे आणि पूर्ण बुडतील इतक्या पाण्यात दहा मिनिटे उकळावे. पाजताना डोके उंच, बाटली जवळजवळ आडवी, मध्येमध्ये थांबा, आणि नंतर ढेकर. उशीला बाटली टेकवून बाळाला एकटे सोडणे फार धोक्याचे. दूध श्वासनलिकेत जाऊ शकते.

पंजाबी घरांत नवजात बाळाला चाटवतात ती गुढती असो वा आपल्याकडचे मधाचे बोट, वर्षाच्या आत मध देऊ नये, त्यातून बॉटुलिझम होऊ शकतो. गाईचे किंवा म्हशीचे दूधही वर्षाआधी मुख्य आहार म्हणून नको. त्यात लोह कमी आणि क्षार, प्रथिने जास्त. बाळ दूध घेईनासे झाले, सुस्त पडले, ताप आला, जुलाब लागले, किंवा सहा-आठ तासांत लघवी झाली नाही, तर घरगुती उपाय न करता त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत.