रानातला मुक्काम : उजेडाचे शेवटचे दोन तास

शनिवार-रविवार रानात राहायचे, तीन दगडांची चूल मांडायची, ताडपत्रीचा निवारा उभारायचा, कोयता चालवायला शिकायचे, हा छंद महाराष्ट्रात गिरिभ्रमणाच्या जोडीने रुजला आहे. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर त्यासाठी नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ सर्वांत चांगला. पाऊस ओसरलेला असतो, ओढ्यांना अजून पाणी असते आणि वणव्याचे खरे दिवस पुढे असतात. अशा मुक्कामांचा अनुभव असा, की जे बिघडायचे ते बहुधा अंधार पडण्याआधीच्या दोन तासांत बिघडलेले असते. रात्री ते फक्त उघडकीला येते.

त्याआधी जागेचा प्रश्न. हौशी लोकांची ओढ थेट अभयारण्याकडे असते आणि पहिली चूक तिथेच होते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात शिरायलाच परवानगी लागते. आत आग पेटवण्यास मनाई आहे आणि शस्त्र घेऊन जाण्यासही. शस्त्राच्या व्याख्येत चाकूसुद्धा येतो. भीमाशंकर, कळसूबाई-हरिश्चंद्रगड, कोयना, राधानगरी या सगळ्यांना हेच लागू. राखीव वनांना भारतीय वन अधिनियम, १९२७ लागू असून आग लावणे आणि झाड तोडणे तिथेही गुन्हा आहे. म्हणजे चूल आणि कोयता या दोन गोष्टी ज्या शिक्षणाच्या मुळाशी आहेत, त्यांना अभयारण्यात थारा नाही, आणि तो नसावा हेच योग्य. शिकण्याची खरी जागा म्हणजे जंगलाला लागून असलेले गावातले मालकीचे रान. घाटमाथ्याच्या बहुतेक गावांत अशी पडीक वरकस जमीन असते. जमीनमालकाला आधी भेटून विचारावे, पोलीस पाटलांच्या कानावर घालावे, किती जण आणि केव्हा परतणार तेही सांगावे. मालकाने हो म्हटले तरी उभ्या झाडाला हात लावू नये. खैर, ऐन, जांभूळ, हिरडा अशी झाडे खासगी जमिनीतही महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, १९६४ खाली येतात, आणि आंबेगाव-जुन्नरकडच्या महादेव कोळी कुटुंबांसाठी हिरडा हे वर्षाचे उत्पन्न असते.

देवराईत मुक्काम करू नये. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला तेव्हा त्यांचे महत्त्व अभ्यासकांपुढे आले. गावांना ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. अनेक देवरायांत पडलेली काटकीही उचलत नाहीत. बाहेरच्या माणसाने तिथे सरपण गोळा करणे हा गावाचा अपमान ठरतो.

नवख्या गटाचा शनिवार बहुधा एकाच वळणाने जातो. घरून निघायला उशीर होतो, वाटेत मिसळ होते, गावात पोहोचेपर्यंत तीन वाजतात. जागेवर सामान टाकले की फोटो निघतात, कुणी चकमक झाडून ठिणग्या पाडण्याचा सराव करत बसतो. साडेपाचला कुणाला तरी पाण्याची आठवण होते आणि दोघे कॅन घेऊन ओढा शोधायला उतरतात. डिसेंबरात पुण्याच्या आसपास सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण डोंगराच्या पूर्वेकडच्या दरीत ऊन त्याच्या कितीतरी आधी जाते. ओढ्यावरचे दोघे टॉर्चशिवाय अडकतात, वर राहिलेले अंधारात ओले-सुके न पाहता लाकूड ओढून आणतात, तंबू मिळेल त्या सपाटीवर ठोकला जातो. त्यानंतरची रात्र धूर, थंडी आणि चिडचिड यांची.

म्हणून क्रम उलटा हवा. दुपारी दोनपर्यंत जागेवर पोहोचावे आणि उजेड असतानाच आधी पाणी, मग झोपण्याची जागा, मग सरपण उरकावे. बाकीचे शिकणे त्यानंतर. ठिणगी पाडणे चुलीजवळ बसून रात्रीही शिकता येते. पाण्याची वाट रात्री शोधता येत नाही.

झोपण्याची जागा निवडताना आधी वर पाहावे. वाळलेली जाड फांदी डोक्यावर असेल तर तिथे तंबू लावू नये, कारण अशी फांदी वारा नसतानाही तुटते. मग आग्या मोहोळ शोधावे. ही माशी उघड्यावर पोळे बांधते, कड्याच्या कपारीखाली किंवा उंच झाडाच्या आडव्या फांदीला, आणि खालून ते काळपट डागासारखे दिसते. धुराने आणि उग्र अत्तराने ती खवळते. सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर माश्यांचे जे हल्ले होतात त्यांत कड्याखाली केलेली आग हे नेहमीचे कारण असते. पोळे दिसले तर तिथे चूल मांडू नये, त्या बाजूला धूर जाईल अशीही मांडू नये. हल्ला झालाच तर तोंड झाकून पळावे, हात झाडत उभे राहू नये, आणि माश्या पाठ सोडेपर्यंत थांबू नये. काटे नखाने किंवा सुरीच्या बोथट बाजूने खरवडून काढावेत. खूप दंश झाले असतील किंवा ओठ सुजून श्वास कोंडू लागला असेल तर वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

वर पाहून झाले की खाली. ओढ्याच्या पात्रात किंवा अगदी काठावर झोपू नये. वरच्या डोंगरात पडलेल्या अवकाळी पावसाचे पाणी खाली आकाश निरभ्र असतानाही येते. दरीच्या तळाला हिवाळ्यात थंड हवा साचते आणि दव जास्त पडते. उताराच्या मध्यावरची, वाऱ्याच्या आडोशाची जागा तळापेक्षा उबदार असते. जमीन अंगातली ऊब किती वेगाने खेचते हे पहिल्या रात्रीच कळते. पांघरूण कितीही असले तरी खाली वाळल्या गवताचा किंवा पेंढ्याचा वीतभर थर नसेल तर पहाटे तीनला जाग येतेच. गवत अंथरण्याआधी झाडून घ्यावे, त्यात विंचू असू शकतो. अंगावर सुती कपडे घामाने ओले झालेले असतील तर झोपण्यापूर्वी बदलावेत. लोकर ओली झाली तरी बरीच ऊब देते, हे घोंगडी वापरणाऱ्या धनगरांना सांगावे लागत नाही.

आता चूल. आग पेटवणे ही रानातल्या शिक्षणाची सर्वांत लोभस बाजू आहे आणि तीच सर्वांत जास्त नुकसान करते. चुलीभोवतीचे गवत हातभर नव्हे, तर चारही बाजूंना निदान दोन मीटर काढून माती उघडी करावी. वारा असेल तर आग लावूच नये, मग त्या दिवशी भाकरी-चटणीवर भागवावे लागले तरी चालेल. फेब्रुवारीपासून पुढे गवताळ माळावर उघडी चूल पेटवू नये. तेव्हा गॅसचा छोटा स्टोव्ह वापरणे हेच शहाणपण. सह्याद्रीतले बरेचसे वणवे माणसानेच लावलेले किंवा माणसाच्या हलगर्जीपणामुळे लागलेले असतात, आणि वणव्यात जमिनीवरच्या घरट्यांतली अंडी, सरडे, नवी रोपे यांना पळून जाता येत नाही.

चुलीचे दगड ओढ्यातून आणू नयेत. आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन असे दगड तडकतात आणि कपच्या डोळ्यांत जातात. बांबूचे न फोडलेले पेर आगीत टाकले तर तेही फुटते. सरपण तीन जाडीचे लागते: काडीपेटीच्या काडीएवढे, करंगळीएवढे आणि मनगटाएवढे. नवखे लोक तिसरे भरपूर आणतात आणि पहिले विसरतात. खरी आग पहिल्यावरच धरते. ओंजळीत मावेल इतके बारीक काटक्यांचे जळण हाताशी नसेल तर काडी ओढू नये. काटकी मोडून पाहावी. कट्‌ असा आवाज होऊन तुटली तर ती वाळलेली. वाकली किंवा सालीला लोंबकळत राहिली तर तिचा फक्त धूर होणार. जमिनीवर पसरलेल्या फांदीपेक्षा दुसऱ्या झाडात अडकून उभ्याने वाळलेली फांदी चांगली, कारण तिला दवाची ओल लागलेली नसते. फुलून मेलेल्या कारवीच्या काठ्या झटकन पेटतात. बाभूळ आणि धावडा यांचे निखारे टिकतात. सावर, पांगारा ही मऊ लाकडे भुरकन जळून जातात. जळण बाहेरून ओले दिसले तरी जाड फांदी कोयत्याने उभी फोडली की आतला गाभा बहुधा कोरडा निघतो. त्याच्या ढलप्या आणि ढलप्यांच्या बारीक चिरफळ्या काढाव्यात. पावसाळ्यात रानातली माणसे चूल पेटवतात ती अशीच.

कोणते लाकूड जाळू नये हे त्याहून महत्त्वाचे. बिब्ब्याचा चीक अंगावर फोड आणतो आणि त्याचा धूरही बाधतो. शेर-निवडुंगाचा चीक डोळ्यांना घातक. कण्हेरीची काडी तर भाजायला, ढवळायला कशालाच वापरू नये, कारण ती संपूर्ण विषारी आहे. झाड ओळखता येत नसेल तर ते जाळू नये. गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाबरोबर दुपारी तासभर रानात फिरले की हे सारे जेवढे कळते तेवढे पुस्तकातून कळत नाही. त्याच्या वेळेचे मोल मात्र द्यावे.

कोयता आणि सुरी यांच्या जखमा बहुतेक दमलेल्या हातांनी, संध्याकाळी होतात. कोकणात आणि घाटमाथ्यावर कोयता कमरेला मागे लाकडी आकडीत अडकवतात. चालताना तो हातात नसावा यासाठीच ती सोय. लाकूड फोडताना घाव चुकला तर पाते कुठे जाईल हे आधी पाहावे आणि त्या रेषेत पाय किंवा गुडघा ठेवू नये. सुरीने तासताना कोपरे मांड्यांवर टेकून, गुडघ्यांच्या पुढे तासावे. मांडीवर लाकूड धरून तासू नये, कारण मांडीच्या आतल्या बाजूची मोठी रक्तवाहिनी कापली तर गावापर्यंत पोहोचण्याइतका वेळ मिळत नाही. हाताच्या अंतरात दुसरे कुणी बसलेले नसावे. अंधार पडला की पाती म्यानात. धनुर्वाताचे इंजेक्शन चालू मुदतीत आहे ना, हे निघण्याआधी पाहावे.

रात्रीची खरी भीती बिबट्याची नसते. महाराष्ट्रात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार साप बहुतेक गंभीर दंशांना कारण होतात आणि त्यांत झोपलेल्या माणसासाठी मण्यार सर्वांत धोक्याची. ती रात्री फिरते, तिचा दंश अनेकदा जाणवतही नाही आणि खूण दिसेलच असे नाही. पहाटे पोट दुखू लागते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते. जमिनीवर उघड्यावर झोपलेल्याला अशी लक्षणे दिसली तर दंश झाला असे धरूनच निघावे. आवळपट्टी बांधणे, चिरा देणे, चोखणे, मंत्र-उतारा यांत वेळ जातो आणि इजा वाढते. अंगठी-कडे काढून टाकावे, दंशाचा अवयव काठीला सैल बांधून स्थिर ठेवावा, माणसाला चालवू नये आणि १०८ ला फोन करून प्रतिसर्पविष असलेले रुग्णालय गाठावे. हे टाळायचा उपाय सोपा आहे: तळ शिवलेला तंबू चेनबंद ठेवणे, नाहीतर मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचणे. लघवीला उठताना टॉर्च पेटवावा, बूट झटकून घालावेत. बुटात लाल विंचू बसलेला असू शकतो. कोकणात या विंचवाने मुले दगावत; महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यावर मृत्यू खूप घटले. त्यामुळे विंचूदंशातही घरगुती उपाय न करता रुग्णालय हाच मार्ग.

थंडीसाठी निखाऱ्यांची घमेली किंवा शेगडी तंबूत घेऊ नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस जागा होत नाही. इतकी साधी गोष्ट लोकांना माहीत नसते आणि माणसे जातात.

सिंधुदुर्गात आणि गोव्यातल्या सत्तरी भागात हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत गोचिडींमुळे माकडतापाचा धोका असतो. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात तो प्रथम ओळखला गेला, २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात त्याची मोठी साथ आली. मेलेले माकड दिसले तर जवळ जाऊ नये आणि आरोग्य केंद्राला कळवावे. परतल्यावर ताप आला तर डॉक्टरांना रानात राहिल्याचे आवर्जून सांगावे. पाणी कोणत्याही ओढ्याचे असो, टाक्याचे असो, गाळून आणि खळखळ उकळूनच प्यावे.

रविवारी निघण्याआधी तासभर राखून ठेवावा. निखाऱ्यांवर पाणी ओतावे, काठीने ढवळावे, पुन्हा ओतावे आणि राखेत हात घालून पाहावा. हाताला ऊब लागली तर आग विझलेली नाही. काळे दगड उलटे करून जागच्या जागी ठेवावेत, ताडपत्रीच्या दोऱ्या झाडावरून सोडाव्यात, प्लॅस्टिक आणि उरलेले अन्न परत न्यावे. कचऱ्याची चटक लागलेली माकडे पुढच्या मुक्कामाला आणि गावातल्या घरांना त्रास देतात. गावातून जाताना जमीनमालक आणि पोलीस पाटील यांना सगळे सुखरूप परतल्याचे सांगून जावे. न सांगता निघून गेले तर संध्याकाळी गावातली माणसे कंदील-बॅटऱ्या घेऊन शोधायला निघतात.