मांडीवरचं तिकीट

मुंबईहून थेट अमेरिकेला, तेही दीड वर्षाचं लेकरू घेऊन? जा गं, खुशाल जा. पंधरा-सोळा तास म्हणजे काही जन्मठेप नव्हे. मावशीचं एवढंच ऐक, की हातातलं सगळं एकदम संपवायचं नाही. बाकीचं लेकरू शिकवेलच.

१. तारीख दोनदा वाच – तिकडची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. १५ तारखेचं रात्री दीडचं विमान म्हणजे १४ला रात्री जेवून घराबाहेर पडायचं.

२. परतीची तारीखही बघ – मांडीवरचं तिकीट दोन वर्षं पूर्ण होईपर्यंतच. दुसरा वाढदिवस तिकडे झाला, की येताना महाराजांना स्वतंत्र सीट.

३. पासपोर्ट-व्हिसा तू केलाच असशील. जावईबापू सोबत नसतील तर त्यांच्या सहीचं संमतीपत्र जवळ ठेव – कुणी विचारलंच तर रात्री दोनला फोन नको.

४. पुढच्या भिंतीसमोरच्या सीटला भुलू नकोस – तिथे पाळणा लावतात, पण तो तान्ह्यांसाठी; चालतं पोर त्यात मावत नाही. शिवाय तिथे ट्रे सीटच्या हातात असतो म्हणून ते हात वर होत नाहीत, आणि विमान चढता-उतरताना पायाशी पिशवीही ठेवू देत नाहीत.

५. मोठ्या बॅगेत सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नकोत, सासूबाईंनी कितीही प्रेमाने दिल्या तरी – तेलकट खोबरं आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून ते काढून ठेवतात.

६. एक डायपर, थोडे ओले वाइप्स, एक कपड्यांचा जोड, असे छोटे संच वेगवेगळ्या पिशव्यांत बांध – विमानातल्या संडासात तू, पोर आणि मोठी पर्स तिघं मावत नाहीत. पिशवी भरली गळ्यापर्यंत, हवं ते गेलं तळापर्यंत! आणि पोराच्या पायात बूट घाल, तिथल्या जमिनीवर ओलं असतं ते पाणीच असेल असं नाही.

७. स्वतःसाठीही एक जादा कुर्ता घे – ओकारी पोराची असली तरी पडते आईच्या अंगावर.

८. लहान मुलांना आधी आत सोडतात. दोघं असाल तर एकाने सामान घेऊन पुढे जावं, दुसऱ्याने पोराला शेवटच्या क्षणापर्यंत बाहेर पळू द्यावं – आत गेल्यावर पळायला जागा कुठे?

९. खाऊ असा ने की खायला वेळ लागेल. वाटीत मूठभर चुरमुरे दे. चिमटीत एक धरायचा, निरखायचा, अर्धा तुला भरवायचा, यात वीस मिनिटं निघतात. शेंगदाणे, फुटाणे, लाह्या मात्र नकोत – घशात अडकतात. आणि सगळे डबे पहिल्या तासात उघडू नकोस. आधी संपला खाऊ, मग सुरू झाला प्रवास.

१०. खेळणी घरातलीच ने, पण वर्तमानपत्रात एकेक गुंडाळून – कागद फाडण्यातच निम्मा खेळ होतो. चेंडू आणि चाकाची गाडी नको, ती चार रांगा पुढे जाऊन बसते आणि तू रांगत मागे.

११. झोपावं म्हणून सर्दीचं औषध पाजू नकोस – काही पोरांना त्याने उलट चेव येतो.

१२. आता कानाचं, हे नीट ऐक. उंचावर विमानातली हवा साधारण दोन हजार मीटर उंचीवरच्या इतकी विरळ असते, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याहूनही विरळ. खाली येताना दाब वाढतो, पडदा आत ढकलला जातो, आणि पोरांची कानातून घशाकडे जाणारी नळी अरुंद असते, म्हणून ती चढताना नाही तर उतरताना जास्त रडतात. गिळलं की नळी उघडते. तेव्हा दूध, पाणी, जे पितं ते राखून ठेव आणि इंजिनाचा आवाज मंदावून नाक खाली झुकल्यासारखं वाटलं की लगेच द्यायला लाग – उतरण्याची घोषणा होईपर्यंत थांबलीस तर निम्मा उतार संपलेला असतो. निघण्याआधीच सर्दी किंवा कानदुखी असेल तर डॉक्टरांना दाखवूनच नीघ.

१३. शेजारच्यांची आधीच माफी मागत बसू नकोस. पोराचे बूट मात्र काढून ठेव, संडासला जाताना घालशील – पुढच्या सीटला लाथ बसली तरी मोज्याची बसेल.

१४. उरलेली केळी विमानातच संपव – अमेरिकेत ताजी फळं घेऊन आत जाऊ देत नाहीत.

१५. विमान थांबल्यावर लगेच उठू नकोस, सगळे उतरेपर्यंत बसून डायपर बघून घे – इमिग्रेशनची रांग मोठी असते आणि तिथे संडास जवळ नसतो.

१६. तिथल्या घरी मऊ वरण-भात झाकून ठेवायला सांग – तू चाललीस ती न्यू जर्सी उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. रात्री अडीचला आपल्याकडे दुपारचे बारा वाजलेले असतात, आणि पोर पोटाच्या घड्याळाने जेवायला मागणार.