आधी ऊब, मग घास

मनुष्य आणि पोपट यांचा सहवास फार जुना आहे. ज्या ‘मेघदूता’शी आपल्या रामटेकचे नाव जोडले जाते, त्यातील यक्षपत्नी पिंजऱ्यातल्या सारिकेशी बोलून विरह सोसते. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात नळीवर बसलेला पोपट आहे. नळी फिरताच तो घाबरतो आणि कोणी धरलेले नसतानाही ती सोडत नाही. हा दृष्टांत वर्गात शिकताना मला आमच्या घरचा एक प्रसंग आठवला. तोच येथे सांगते.

गेल्या वर्षी चैत्रात वादळ झाले. घरामागच्या जुन्या कडूनिंबाची एक फांदी मोडून पडली. तिच्या ढोलीत पोपटाची दोन पिल्ले होती. अंगावर पिसांचे नुसते हिरवट खुंट फुटले होते. मी त्यांना उचलून घरात आणले, दुधात पोळी कुस्करली आणि चमच्याने चोचीत घातली. सकाळी पाहते तो एक पिल्लू मरून पडले होते. मी दया केली होती, पण ज्ञानाशिवाय.

माझे काय चुकले, ते पुढे वाचून व विचारून कळले. पोपटाची मादी साधारणतः माघ-फाल्गुनापासून ढोलीत चार-पाच अंडी घालते. सुमारे २३ दिवसांनी पिल्ले निघतात, ती उघडी आणि आंधळी. घरटे सोडायला त्यांना सहा-सात आठवडे लागतात. पिसे फुटेपर्यंत पिल्लाला आपल्या अंगाची ऊब राखता येत नाही. नुकत्या जन्मलेल्या पिल्लाला सुमारे ३५ अंश सेल्सिअस उष्णता लागते; पिसे येतील तशी ती कमी चालते. गारठलेल्या पिल्लाला अन्न पचत नाही. गळ्याखालच्या पिशवीत ते साचते व आंबते. म्हणून पहिला नियम : आधी ऊब, मग घास. भोके पाडलेल्या खोक्यात मऊ कापड घालावे आणि कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली एका बाजूला ठेवावी.

दुसरी चूक दुधाची. दुधातील साखर पक्ष्यांना पचवता येत नाही. आईबाप पोपट पिल्लाला अर्धवट पचलेले दाणे व फळे आपल्या पोटातून काढून भरवतात. त्याची जागा दूध-पोळी किंवा नुसती हरभऱ्याची डाळ घेऊ शकत नाही. चुन्याचा अंश कमी पडला तर पिल्लाची हाडे मऊ होऊन पाय फाकतात. तिसरी चूक पाणी पाजण्याची. श्वासनळीचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते. चोचीत ओतलेला थेंब फुप्फुसात जाऊ शकतो. जाणकार मंडळी पिल्लाचा घास सुमारे ३९-४० अंशांवर ठेवतात. गार असेल तर तो आंबतो, फार गरम असेल तर पिशवी भाजते. अगदी लहान पिल्लाला रात्रीसुद्धा दर दोन तासांनी भरवावे लागते. हे काम घरी हौसेने होण्यासारखे नाही.

शिवाय हा कायद्याचाही प्रश्न आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये आपल्याकडचे पोपट पकडणे, विकणे, पाळणे हा गुन्हा आहे. २०२२ च्या सुधारणेने आपला नेहमीचा पोपट दुसऱ्या अनुसूचीत आला.

दुसरे पिल्लू जिवंत होते. बाबांना ते ठेवायचे होते. “पोपट बोलला म्हणजे घर भरल्यावानी वाटते. आपल्या बुढीनंही पाळला होता,” ते म्हणाले. मी कायदा सांगितला, तेव्हा ते रागावले, “कॉलेजात गेली म्हणून आता आमालेच शिकोते काय?” आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. मला उत्तर सुचले नाही. आमच्या सरांनी वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर दूरध्वनी करायला सांगितले.

वनरक्षक आले. त्यांनी पिल्लू पाहिले. ते धडधाकट होते. जखमी पिल्लू असते तर नागपूरला सेमिनरी हिल्स येथील उपचार केंद्रात न्यावे लागले असते. माणसाने हात लावलेल्या पिल्लाला आईबाप टाकतात, हा समज खोटा असल्याचे त्यांनी सांगितले. मग बाबाच उठले. त्यांनी मोडलेल्या फांदीचा ढोलीचा तुकडा कापला, झाडावर चढून तो दोराने खोडाला घट्ट बांधला. पानमळ्यात जन्म गेलेला माणूस; त्यांच्यासारखी गाठ मला कोणत्या पुस्तकात शिकता आली असती? पिल्लू आत ठेवून आम्ही दूर बसलो. दिवस कलताना पोपटाची मादी आली, दोनदा घिरट्या घालून ढोलीशी बसली आणि आत वाकली. बाबा काही बोलले नाहीत. पिंजऱ्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

वाचकहो, वादळानंतर पिल्लू सापडले तर प्रथम वर पाहा. घरटे असेल तर पिल्लू तेथेच परत ठेवा. नसेल तर ऊब द्या, तोंडात काही घालू नका आणि वनविभागाला कळवा. दृष्टांतातील पोपटाला नळी सोडता आली नाही. आपल्याला मात्र हात सोडता येतो.

— एक विद्यार्थिनी, बी. ए. द्वितीय वर्ष