फोन कुणाकडे वाजावा, हे ठरवणारं काम

१५ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लावणं सक्तीचं झालं. घरच्या फोनवर काही दिवस सूचना ऐकू आली, मग बोटांना सवय लागली. पण ज्या ऑफिसांची फोनव्यवस्था नीट सांभाळलेली होती, तिथल्या माणसांना हा बदल जाणवलाही नाही. ती नेहमीसारखे दहा आकडे दाबत राहिली आणि शून्य आपोआप लागत गेलं. कारण कुणीतरी आधीच बसून एका नियमात त्या शून्याची भर घातली होती. हे ‘कुणीतरी’ कोण असतं आणि आपली मुलगी किंवा मुलगा ते काम करू शकेल का, हे आज सांगायचं आहे.

पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला: म्हणजे कॉल सेंटरच ना? नाही. कॉल सेंटरमध्ये फोनवर बोलणारी माणसं वेगळी, आणि आलेला फोन त्यांच्यापैकी कुणाकडे, केव्हा, कोणत्या क्रमानं जावा याचे नियम लिहिणारा माणूस वेगळा. बँक, हॉस्पिटल, कुरिअर, विमा कंपनी, जिथे जिथे ‘मराठीसाठी दोन दाबा’ ऐकू येतं, तिथे हे नियम कुणीतरी लिहिलेले असतात.

हे काम आपल्याला वाटतं त्याहून जुनं आहे. अमेरिकेत कॅन्सस सिटीमध्ये अल्मन स्ट्राउजर नावाचा अंत्यविधीची व्यवस्था करणारा व्यावसायिक होता. एक्सचेंजमधली ऑपरेटर आपले फोन प्रतिस्पर्ध्याकडे वळवते, असा त्याला संशय होता, असं सांगतात. त्यानं ऑपरेटरशिवाय फोन जोडणारं यंत्र काढलं आणि १८९१ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पुढे शंभरेक वर्षांनी, १९९९ मध्ये, मार्क स्पेन्सर या तरुणाला अलाबामातल्या आपल्या छोट्या कंपनीसाठी फोन एक्सचेंज हवं होतं आणि विकत घेण्याएवढे पैसे नव्हते. त्यानं ते स्वतःच लिहिलं, लिनक्सवर चालणारं, आणि सर्वांना मोफत खुलं केलं. तेच ‘ॲस्टेरिस्क’. पालकांनी यातली एक गोष्ट लक्षात ठेवावी: लाखभर रुपयांची फी न भरता, घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर ही विद्या शिकता येते.

ॲस्टेरिस्कमध्ये या नियमांच्या फाइलला डायलप्लॅन म्हणतात. वरचाच शून्याचा नियम घ्या. तिथे ‘एक्स’ म्हणजे ० ते ९ मधला कोणताही आकडा. एक अंडरस्कोर, मग कंसात ६ ते ९, पुढे नऊ वेळा एक्स: झाला भारतीय मोबाइल नंबरचा साचा. दाबलेला नंबर या साच्यात बसला, तर आधी शून्य लावून बाहेर पाठव. आता कुणी म्हणेल, पहिला आकडा पाहिला की पुरे, नऊ एक्स कशाला मोजायचे? तर मुंबईत ६ नं सुरू होणारे आठ आकडी लँडलाइन नंबरही आहेत. मोजणी चुकली की फोन भलतीकडेच.

मुलाला हे जमेल का, हे ओळखायला मला कुठल्याही कलचाचणीपेक्षा एक कागद जास्त उपयोगी वाटतो. आपल्या गल्लीतल्या डॉक्टरांचा दवाखाना समजा. सकाळी दहा ते एक, संध्याकाळी सहा ते नऊ, रविवारी बंद. नंबर एकच. मुलाला विचारा, फोन आला की काय व्हावं?

पहिलं उत्तर येतं, ‘कंपाउंडरच्या टेबलावर वाजावा.’ बरोबर. तो दुसऱ्या फोनवर असेल तर? वीस सेकंद वाजूनही कुणी उचलला नाही तर? त्याचं यंत्रच बंद पडलं असेल तर? या तिन्ही गोष्टी व्यवस्था वेगवेगळ्या कळवते आणि तिन्हींना वेगळं उत्तर द्यावं लागतं. दुपारी तीनला आलेल्या फोनला ‘दवाखाना सहाला उघडेल’ एवढं ऐकवणं पुरे. पण रात्री अकराला एखाद्या आईनं, मुलाला फिट आली म्हणून फोन लावला, तर तिला वेळापत्रक ऐकवत बसायचं का? पहिल्याच वाक्यात १०८ ला फोन करायला सांगायचं. एखाद्या आजींना बटण दाबायचं असतं हेच ठाऊक नाही, त्या नुसत्या ‘हॅलो, हॅलो’ म्हणत राहतात. कुणी ७ दाबलं, आणि ७ वर काही ठेवलेलंच नाही. ॲस्टेरिस्कमध्ये काहीच न दाबणाऱ्यासाठी ‘टी’ आणि चुकीचं दाबणाऱ्यासाठी ‘आय’ अशा खास जागा ठेवलेल्या आहेत. त्या रिकाम्या सोडल्या की माणसाचा फोन तुटतो.

जे मूल ‘आणि तरीही कुणी उचलला नाही तर?’ हे न विचारता स्वतःहून म्हणतं, त्याला हे काम येईल. गणितात नव्वद गुण असण्याशी याचा संबंध कमी आहे. फोन लावणाऱ्या घाबरलेल्या माणसाच्या जागी उभं राहता येणं, याच्याशी जास्त आहे.

आपल्या भाषेमुळे इथे एक खास काम उभं राहतं. ‘तुमचा नंबर रांगेत एकोणचाळिसावा आहे’ हे वाक्य संगणक ध्वनिमुद्रित तुकडे जोडून बोलतो. इंग्रजीत वीसच्या पुढचे आकडे ‘तीस’ आणि ‘नऊ’ असे दोन तुकडे जोडून होतात. मराठीत एकोणचाळीस हा एकसंध शब्द. एक ते नव्व्याण्णव प्रत्येक आकडा वेगळा मुद्रित करावा लागतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकातल्या ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ म्हणण्यावरून झालेला वाद आठवत असेल, तोच प्रश्न इथे रोजच्या कामात भेटतो. मराठी कानाला नीट वाटेल अशी व्यवस्था मराठी जाणणाराच करू शकतो.

शिक्षणाचं म्हणाल, तर दहावीनंतर इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन किंवा कॉम्प्युटरचा डिप्लोमा, बारावीनंतर बीसीए, बीएस्सी आयटी किंवा इंजिनिअरिंग, यातलं काहीही चालतं. या कामाची स्वतंत्र पदवी नाही. लिनक्स, नेटवर्किंग आणि पायथन किंवा लुआसारखी एक स्क्रिप्टिंग भाषा, हा पाया. त्यावर सिप: इंटरनेटवर फोन जुळवणारा प्रोटोकॉल, ज्याचा मुख्य दस्तऐवज २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १८० म्हणजे पलीकडे घंटी वाजते आहे, ४८६ म्हणजे समोरचा व्यस्त आहे. ब्राउझरमध्ये दिसणारा ४०४ इथेही आहे. नेटवर्किंगला मात्र बगल देऊ नका. ‘मला ऐकू येतं, पण माझं त्यांना ऐकू जात नाही’ ही या धंद्यातली सगळ्यात जुनी तक्रार आहे आणि तिचं मूळ बहुधा राउटरच्या मांडणीत सापडतं. जाहिरातींमध्ये व्हीओआयपी इंजिनिअर, टेलिफोनी डेव्हलपर, कॉन्टॅक्ट सेंटर इंजिनिअर अशी पदं शोधा.

आता अडचणी. हे क्षेत्र लहान आहे. वेब किंवा ॲप बनवणाऱ्यांएवढ्या जागा इथे निघत नाहीत. बरंच काम क्लाउडवर गेलं आहे, त्यामुळे फक्त ॲस्टेरिस्क शिकून थांबता येणार नाही. व्यवस्था बंद पडली की रात्री दोनला उठावं लागतं. आणि जबाबदारी मोठी: पासवर्ड कच्चा राहिला आणि ‘कोणताही नंबर बाहेर जाऊ दे’ असा सैल नियम लिहिला, की चोर सुट्टीच्या रात्री परदेशात महागडे फोन लावतात आणि बिल कंपनीच्या माथी येतं.

एक इशारा पालकांनी स्वतः मुलांना द्यावा. परदेशातले कॉल इंटरनेटवरून आणून सिम बॉक्समधून, म्हणजे अनेक सिमकार्डं बसवलेल्या यंत्रातून, स्थानिक कॉल म्हणून सोडण्याचं ‘घरबसल्या काम’ कुणी देऊ केलं, तर नाही म्हणा. ते बेकायदा टेलिफोन एक्सचेंज ठरतं. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात परवानगीशिवाय दूरसंचार सेवा चालवल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. या सापळ्यात कौशल्य असलेली मुलंच अडकतात, म्हणून हे इतकं स्पष्ट लिहितो आहे.

येत्या सुट्टीत माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर खाली काढा. त्यावर लिनक्स आणि ॲस्टेरिस्क चढवा, घरातल्या दोन मोबाइलवर मोफत सॉफ्टफोन, म्हणजे फोनचं काम करणारं ॲप, टाका आणि दवाखान्याचा तो कागद डायलप्लॅनमध्ये उतरवा. आठवडाभर धडपड होईल, होऊ द्या. तयार झालं की पहिला फोन आई-बाबांनी लावावा, आणि मुद्दाम चुकीचं बटण दाबावं.