गाडी मागे का येईना?

माझा एक जुना विद्यार्थी गेली अनेक वर्षे इंग्लंडात कव्हेंट्रीजवळ राहतो. त्याच्या शेजारच्या गृहस्थांकडे १९६६ सालची एम.जी.बी. ही दोन आसनी मोटार आहे. दहा-बारा वर्षे ती गॅरेजमध्ये भिंतीकडे तोंड करून उभी होती. यंदा ती बाहेर काढायचे ठरले. गाडी न्यूट्रलमध्ये टाकली, हातब्रेक सोडला, दोघांनी पुढून जोर लावला. गाडी तसूभरही मागे सरकली नाही. ब्रेक गंजून ड्रमला चिकटले असतील, असे त्यांना वाटले. फार दिवस उभ्या असलेल्या गाडीचे असे होतेच. मग त्यांनी मागून ढकलून पाहिले, तर गाडी अलगद वीतभर पुढे गेली! पुन्हा मागे ओढली, तर ढिम्म. भिंत मात्र वीतभर जवळ आली.

शेजारी म्हणाले, "इंजिन चालू करून रिव्हर्स गिअर टाकू. झक मारत येईल." माझ्या विद्यार्थ्याने त्यांना थांबविले आणि मला लिहून कळविले. थांबविले हे फार चांगले केले.

आता विचार करा. गंजलेला ब्रेक पुढची दिशा आणि मागची दिशा असा भेद करील काय? तो दोन्हीकडे सारखाच अडवील. म्हणजे दोष अशा भागात हवा, की ज्याला दिशा कळते. असा एक भाग तुम्ही रोज पाहता : सायकलचे फ्रीव्हील. पायडल पुढे मारले की ते चाकाला धरते. पाय थांबविले तरी चाक पुढे पळू शकते. या मोटारीतही तसाच एकदिश क्लच आहे आणि तो 'ओव्हरड्राइव्ह' नावाच्या पेटीत, गिअरबॉक्सच्या पाठीमागे, बसविलेला आहे.

कॅप्टन द नॉर्मनव्हिल यांची ही रचना. शेफील्डच्या लेकॉक कारखान्याने ती तयार केली आणि १९४८ मध्ये स्टँडर्ड व्हॅनगार्ड मोटारीत ती प्रथम आली. लांबच्या सपाट रस्त्यावर चाकांचा वेग तोच राहावा, पण इंजिनाचे फेरे कमी व्हावेत, हा तिचा हेतू.

पेटीत मध्यभागी एक लहान दातेरी चाक असते, ते सूर्यचक्र. त्याभोवती फिरणारी तीन ग्रहचक्रे. या सर्वांना वेढणारे, आतल्या बाजूला दाते असलेले मोठे कडे म्हणजे कंकणचक्र. गिअरबॉक्सकडून येणारा दांडा ग्रहचक्रांची चौकट फिरवितो आणि कंकणचक्र मागच्या चाकांकडे जाणारा दांडा फिरविते.

समजा, सूर्यचक्राला २४ आणि कंकणचक्राला ९६ दाते आहेत. सारा संच एकत्र बांधून एक फेरा पुढे फिरवा. सूर्य, चौकट, कंकण : सर्वांचा एकेक फेरा झाला. आता चौकट घट्ट धरून सूर्यचक्र एक फेरा उलटे फिरवा. २४ दाते मागे गेले, म्हणून ग्रहचक्रांच्या मध्यस्थीने कंकणाचे २४ दाते पुढे सरकले. ९६ पैकी २४ म्हणजे पाव फेरा. आता बेरीज करा. सूर्य शून्य, चौकट एक, कंकण सव्वा! म्हणजे सूर्यचक्र स्थिर धरले, तर चौकटीच्या चार फेऱ्यांत कंकणाचे पाच फेरे होतात. एम.जी.बी.च्या त्या काळच्या पेटीत हे प्रमाण ०.८०२ होते. चौथ्या गिअरमध्ये मिनिटाला ३००० फेरे घेणारे इंजिन त्याच वेगाला सुमारे २४०० फेऱ्यांवर भागवते.

सूर्यचक्राला धरतो कोण? त्याच्याशी जोडलेला एक शंकूच्या आकाराचा क्लच. एरवी स्प्रिंगा त्याला मागे, कंकणचक्रावर दाबून धरतात. मग सूर्य आणि कंकण एकजीव होतात, सारा संच एका ठोकळ्यासारखा फिरतो आणि गाडी रिव्हर्समध्येही सुखाने जाते. ओव्हरड्राइव्हची कळ दाबली, की पंपाने दाबलेले तेल दोन दट्ट्यांकरवी त्या शंकूला पुढे ओढते आणि बिडाच्या एका स्थिर कड्यात रुतविते. सूर्य थांबला!

एकदिश क्लच चौकट आणि कंकण यांच्यामध्ये असतो. कंकणाने चौकटीच्या पुढे पळायला त्याची हरकत नाही. चौकट मात्र कंकणाच्या पुढे जाऊ लागली, की त्यातील रूळ अडकतात आणि दोघांना एक करतात.

आता शंकू पुढच्या कड्यालाच चिकटून राहिला आहे आणि आपण गाडी मागे लोटतो आहोत, असे धरा. दाते म्हणतात, कंकण सव्वा फेरा मागे गेले तर चौकट एकच फेरा मागे जाईल. म्हणजे कंकणाच्या तुलनेत चौकट पुढे राहिली! लगेच रूळ अडकले. ते म्हणतात, दोघांचे फेरे सारखेच हवेत. दात्यांना सव्वापट हवे, रुळांना समान हवे. दोन्ही अटी पाळणारी एकच संख्या आहे : शून्य. म्हणून गाडी हलत नाही. हाताच्या जोरापुढे हे भांडण निमूट राहते. पण रिव्हर्स गिअरमधून इंजिनाचा जोर आला असता, तर शंकूचे अस्तर फाटले असते किंवा एकदिश क्लच मोडला असता. पेटी अडकली असताना गाडी रिव्हर्समध्ये घालू नये, हा जुन्या मेकॅनिकांचा पहिला नियम आहे, तो यामुळेच.

मग उपाय? रसायनशाळेतील बाटलीचे काचेचे बूच आठवा. तेही निमुळते असते आणि अडकते, तेव्हा तुम्ही बाटलीचा गळा किंचित गरम करून बुचावर हलके टकटक करता. उतार लहान आणि घर्षण मोठे असले, की निमुळती वस्तू आपली आपण सुटत नाही. येथे वर्षानुवर्षांचे चिकटलेले तेल आणि गंज यांनी घर्षण वाढविले होते. स्प्रिंगांचा जोर अपुरा पडला.

गाडीची मागची बाजू उचलून भक्कम घोड्यांवर ठेवली. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये. ते बिडाचे कडे अॅल्युमिनियमच्या दोन कवचांच्या मध्ये असते आणि त्याची कडा बाहेरून दिसते. तिच्यावर कातडी हातोड्याने चहूबाजूंनी ठोके दिले. पहिल्या दिवशी काही घडले नाही. दुसऱ्या दिवशी उकळत्या पाण्यात बुडविलेली फडकी कड्याभोवती गुंडाळली. (ज्योत नको, पेट्रोलची टाकी दूर नसते!) कडे बाहेरून तापून किंचित प्रसरण पावले, आतला शंकू अजून थंडच होता. पुन्हा ठोके दिले आणि आतून 'टक्' असा आवाज आला. मागचा दांडा हाताने उलटा फिरवून पाहिला, फिरला.

पण शंकू मुळात तेथे राहिलाच कसा? पेटीच्या वरचा स्क्रू काढला की एक स्प्रिंग, पोलादी गोळी आणि पोकळ दांडीची झडप निघते. ओव्हरड्राइव्ह बंद केल्यावर दट्ट्यांमागचे तेल या पोकळीतून, तळाच्या एका बारीक छिद्रावाटे परत जाते. छिद्र मुद्दाम बारीक ठेवलेले असते, म्हणजे शंकू धक्का न देता सुटतो. त्याचा व्यास निम्मा झाला तर क्षेत्रफळ पावपट उरते. येथे ते गाळाने जवळजवळ बुजलेच होते. म्हणजे गाडी उभी करण्यापूर्वीच तेल कोंडू लागले असणार. बारीक तारेने छिद्र साफ केले, जुने तेल काढून नवे भरले. घर्षण कमी करणारी औषधे तेलात घालायची नाहीत. शंकूचा सारा कारभार घर्षणावर चालतो.

शेवटी विद्युत्-चुंबक तपासला. त्यात दोन वेटोळी असतात : एक दांडी ओढून घेण्यासाठी १५ ते २० अँपिअर घेणारे, दुसरे ती धरून ठेवण्यासाठी सुमारे एक अँपिअर घेणारे. दांडी पूर्ण आत गेली की पहिल्याचा प्रवाह आतल्या संपर्कामुळे तुटतो. तरफ नीट जुळविलेली नसेल तर तो तुटत नाही, आणि १२ व्होल्टवर सुमारे २०० वॉट उष्णता त्या एवढ्याशा डबीत कोंडून ती जळते. मीटरचा काटा क्षणभर उसळून एकाच्या आसपास स्थिरावला.

गाडी घोड्यांवरून उतरविली. दोघांनी पुढून ढकलली आणि ती मुकाट्याने मागे आली.